दिवा विझवून झोपण्याचा धडा



रात्री निजण्यापूर्वी काय काय करावे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अनुयायांना फार बारकाईने शिकविले आहे. भांड्यांवर झाकणे ठेवावीत, पखालींची तोंडे बांधावीत, अल्लाहचे नाव घेऊन दारे लावावीत आणि दिवे मालवावेत, असा त्या शिकवणीचा आशय आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. दिवे का मालवायचे, याचे कारणही तेथेच सांगितले आहे. उंदीर कधी कधी जळती वात ओढून नेतो आणि घर आतल्या माणसांसकट पेटते. उंदरासाठी तेथे आलेला अरबी शब्द 'फुवैसिका', म्हणजे छोटीशी खोडसाळ, असा आहे. मदरशात हा पाठ चालू असताना आम्ही मुले त्या शब्दाला हसत असू.

आज तोच पाठ शिकविताना हसू येत नाही, कारण त्या लहानशा उपदेशात एक पुरा हिशेब मांडलेला आहे. एखाद्या ठरावीक रात्री उंदीर येईल, तो नेमकी वातच ओढील आणि ती नेमकी अंथरुणावरच पडेल, याची शक्यता किती? फार थोडी. बहुतेक रात्री दिवा तसाच जळत राहील आणि सकाळी तेल तेवढे संपलेले दिसेल. तरीही प्रेषितांनी त्या एका वाईट रात्रीचा विचार केला. नुकसान झालेच तर ते भरून येणारे नव्हते, आणि ते टाळण्याचा खर्च होता एका फुंकरीचा. शिवाय घरात निजलेल्यांत पाळण्यातले मूल असते, अंथरुणाला खिळलेली आजी असते. आग लागल्यावर त्यांना पळता येत नाही.

शक्यता किती, नुकसान केवढे, टाळण्याचा खर्च किती आणि ज्यांना पळता येणार नाही असे कोण, हे ते चार प्रश्न. आजच्या परिभाषेत यालाच जोखमीचे मूल्यमापन आणि व्यवस्थापन म्हणतात. या महिन्याच्या पाठात हे चार प्रश्न आपल्याला हवामानबदलाविषयी विचारावयाचे आहेत.

खात्री आणि गालिब गुमान

पृथ्वी तापत आहे आणि ती माणसाच्या कृतीने तापत आहे, याविषयी जाणकारांत आता वाद उरलेला नाही. कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळल्याने वातावरणात साचणारा कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. २०२४ हे वर्ष तर दीड अंशाची रेषा ओलांडणारे पहिले वर्ष ठरले. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो, आणि पडत नाही तेव्हा जमीन अधिक लवकर सुकते.

एवढे निश्चित आहे. परंतु कोणत्या वर्षी, कोणत्या नदीला, किती पाणी येईल, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आयपीसीसी ही शास्त्रज्ञांची समिती आपल्या अहवालांत शब्द तोलून वापरते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता ६६ टक्क्यांहून अधिक असेल तर ती 'संभाव्य' म्हणते, ९० टक्क्यांहून अधिक असेल तर 'अतिसंभाव्य'. यावर आपले काही बांधव म्हणतात, शास्त्रज्ञांनाच पुरती खात्री नाही, मग आपण आतापासून जिवाला घोर का लावून घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या फिकहने कित्येक शतकांपूर्वी दिलेले आहे. अनोळखी रानात किबल्याची दिशा ठाऊक नसेल तर काय करावे? खुणा पाहाव्यात, विचार करावा आणि ज्या दिशेकडे मनाचा कौल अधिक झुकतो तिकडे तोंड करून नमाज अदा करावी. रोजा ठेवल्याने आजार बळावेल असे विश्वासू वैद्याने सांगितले, तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. पाण्याच्या स्पर्शाने दुखणे वाढण्याची भीती असेल तर तयम्मुम आहे. या सर्व ठिकाणी शरीअत यकीन, म्हणजे शंभर टक्के खात्री, मागत नाही. तिला गालिब गुमान पुरतो. अर्थात ज्ञानाच्या आणि अनुभवाच्या आधारावर एका बाजूला स्पष्टपणे झुकलेले अनुमान. आधी प्राण जाऊ दे, मग आजाराची खात्री पटेल, असे कोणताही फकीह रुग्णाला सांगत नाही. उलट, हानी शक्य तितकी आधीच रोखावी, हा फिकहचा मान्य नियम आहे.

येथे एक सावधगिरी हवी. गालिब गुमान वेगळा आणि वहम वेगळा. मोबाईलवर फिरणारी, कोणी लिहिली हे ठाऊक नसलेली धमकी हा वहम. वेधशाळेचा इशारा, धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून केलेला फोन, हे गालिब गुमानाचे आधार. हा भेद मी पुस्तकात शिकलो होतो. तो मला खरोखर कळला कसा, हे पुढे सांगतो.

एकच सूर्य

जोखीम म्हणजे केवळ संकट नव्हे. एक म्हणजे प्रत्यक्ष संकट: वादळ, पूर, उष्णता, अवर्षण. दुसरी बाब, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे. तिसरी, वाटेत असलेल्यांचे सोसण्याचे बळ किती. तिन्हींचा गुणाकार होऊन जोखीम बनते. म्हणून एकाच पावसात एकाच्या अंगणात चिखल होतो आणि दुसऱ्याचे घर वाहून जाते.

२०२४ सालचा हज आठवा. जूनच्या त्या दिवसांत मक्केत पारा ५१.८ अंशांपर्यंत चढला होता. त्या हजमध्ये १३०१ माणसे मृत्यू पावल्याचे सौदी शासनाने जाहीर केले, आणि त्यांपैकी ८३ टक्के हज-परवाना नसलेली होती असेही सांगितले. सूर्य सर्वांवर एकच होता, अरफातचे मैदानही एकच. परंतु ज्यांच्यापाशी परवाना होता त्यांना थंड तंबू, बस, पाणी आणि सावली लाभली; ज्यांच्यापाशी नव्हता ते मैलोन्मैल उन्हात चालत राहिले. परवान्यासह येण्याइतका पैसा नसल्यामुळेच अनेकांनी तो आडमार्ग धरला होता. परवान्याविना जाणे चूकच, आणि आपल्या भागातून जाणाऱ्यांना मी ते स्पष्ट सांगतो. परंतु त्या मय्यतींकडे पाहताना केवळ उन्हाने माणसे मेली असे म्हणणे अपुरे आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याला ऊन भोवले.

तकदीरीतून तकदीरीकडे

आता तो आक्षेप, जो प्रत्येक आपत्तीनंतर मशिदीच्या पायरीवर ऐकू येतो. मौलाना, जे लिहिलेले आहे ते टळत नाही. मग हिशेब कशाला? तकदीरीवर श्रद्धा हा ईमानाचा भाग आहे, त्यात तडजोड नाही. परंतु या श्रद्धेचा अर्थ लावण्यास आपल्यापेक्षा हजरत उमर (रजि.) अधिक समर्थ होते.

ते शामच्या दौऱ्यावर निघाले असता सर्ग नावाच्या ठिकाणी सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) त्यांना सामोरे आले आणि शाममध्ये प्लेग पसरल्याची बातमी त्यांनी दिली. पुढे जावे की परतावे? खलिफांनी आधी मुहाजिरांना बोलावून विचारले. त्यांच्यात मतभेद झाला. मग अन्सारना विचारले, त्यांच्यातही मतभेद. शेवटी कुरैशमधील ज्येष्ठ मुहाजिरांना बोलावले. त्यांनी एकमताने परतण्याचा सल्ला दिला. तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. त्यांनी दृष्टांत दिला: दरीच्या एका उतारावर हिरवे गवत आहे आणि दुसरा उतार उजाड आहे, उंट कोणत्याही उतारावर चारले तरी ते तकदीरीनेच, परंतु शहाणा गुराखी हिरव्या उताराकडे जातो. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथ असलेल्या भूमीत जाऊ नये व तेथे असाल तर तेथून पळू नये, ही प्रेषितांची शिकवण त्यांनी सांगितली. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते माघारी फिरले.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सल्लामसलतीचा क्रम. पहिल्या दोन गटांत एकमत झाले नाही म्हणून खलिफांनी निर्णय सोडून दिला नाही. ते विचारीत राहिले आणि मग ठरविले. ज्ञान अपुरे होते, निर्णय टाळता येत नव्हता आणि निर्णयावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते. आजच्या नगरपालिकेपासून राष्ट्रापर्यंत प्रत्येक कारभाऱ्यासमोर हवामानबदलाने नेमकी हीच अवस्था उभी केली आहे.

धान्य कणसातच ठेवा

संकटाची आगाऊ सूचना मिळाल्यावर काय करावे, याचा सर्वांत सविस्तर धडा सूरह यूसुफमध्ये आहे. सात पुष्ट गाई, सात रोड गाई, सात हिरवी कणसे आणि तितकीच वाळलेली, हे मिसरच्या राजाचे स्वप्न आपल्या मुलांनाही पाठ असते. तरी आयत ४७ ते ४९ एकदा संथपणे वाचा. हजरत यूसुफ (अ.) स्वप्नाचा अर्थ सांगून थांबत नाहीत, अर्थाबरोबर योजना देतात. सात वर्षे नेटाने पेरा. कापलेले धान्य कणसातच राहू द्या. खाण्यापुरते तेवढेच मळा. दुष्काळाच्या वर्षांतही थोडे राखून ठेवा.

कणसातच का? आपल्या कोकणातल्या जुन्या घरांत याचे उत्तर आहे. कणगीत भात भरून ठेवीत, तांदूळ नव्हे. आणि लागेल तसे कांडून घेत. टरफलातला दाणा किडीला आणि दमटपणाला जास्त काळ दाद देत नाही. म्हणजे अल्लाहच्या पैगंबराने दुष्काळाचा सामना करताना साठवणुकीचे ज्ञानही कामी आणले.

आणखी एक गोष्ट. ही योजना त्यांनी सांगितली तेव्हा ते तुरुंगात होते, आणि तेही निरपराध. आधी माझी सुटका, मग उत्तर, अशी अट त्यांनी घातली नाही. ज्या लोकांनी त्यांना डांबले, ज्यांचा धर्म त्यांचा नव्हता, त्यांचीच उपासमार टाळण्यासाठी त्यांनी आपले ज्ञान विनाअट दिले. पुढे भांडारांचा कारभार मागताना त्यांनी आपले दोन गुण सांगितले (आयत ५५): सांभाळ करणारा आणि जाणणारा. अमानत आणि इल्म. आपत्तीच्या कारभारात यांपैकी एकच असून चालत नाही. जाणणारा परंतु अप्रामाणिक असेल तर धान्य विकले जाते. प्रामाणिक परंतु अजाण असेल तर ते कुजते.

परंतु एक फरक आहे. हजरत यूसुफ (अ.) यांना वर्षे नेमकी ठाऊक होती, आपल्याला नाहीत. नेमके वर्ष ठाऊक नसताना, हाती पैसा नसताना, एखादा गरीब समाज अशी तयारी करू शकतो काय? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते बंगालच्या उपसागराच्या काठावर आहे.

बंगालच्या उपसागराचा किनारा

१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी असलेल्या भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. वाऱ्याने नव्हे, वाऱ्याने ढकललेल्या समुद्राच्या लाटेने संहार केला. तीन ते पाच लाख माणसे एका रात्रीत गेली, असे मानले जाते. भोल्यावरील तजुमुद्दीन या भागातील जवळपास निम्मी वस्ती नाहीशी झाली. वादळ येत असल्याचे पुष्कळांच्या कानी आले होते. परंतु पक्क्या इमारतीत आश्रय घेणारे अगदी थोडे निघाले. इशाऱ्याची भाषा लोकांना उमगली नव्हती, आणि मुळात जावे अशी पक्की इमारत मैलोन्मैल नव्हती.

१९७१ मध्ये बांगलादेश जन्मला आणि दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, रेड क्रॉसच्या साहाय्याने तेथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना अत्यंत साधी होती. प्रत्येक गावात काही स्वयंसेवक. त्यांच्यापाशी हातात धरून बोलण्याचा कर्णा, हाताने फिरवण्याचा भोंगा, एक रेडिओ आणि इशाऱ्याची निशाणे. वेधशाळेचा संदेश गावच्या बोलीत घरोघर नेणे हे त्यांचे काम. पुढे मशिदींचे लाऊडस्पीकरही या कामी लागले. अजान देणारा आवाजच वादळाची खबर देऊ लागला, तेव्हा त्या खबरीवर लोकांचा विश्वास बसणे सोपे झाले.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाव किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार माणसे दगावली. इशारा बऱ्याच जणांपर्यंत पोहोचला होता, पण आश्रयस्थाने फार अपुरी होती. वाचकांतील माता-भगिनींनी आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्या पुरुषांनी पुढची गोष्ट लक्षपूर्वक वाचावी. मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. घरचा पुरुष बाहेर असताना त्याच्या अनुमतीवाचून घर सोडावे की नाही, या विचारात वेळ गेला. कडेवर मूल, अंगावर भिजून जड झालेली साडी, पोहता येत नाही. आणि आश्रयस्थानात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढावी लागेल, तेथे बायकांसाठी वेगळी जागा नाही, शौचालय नाही, म्हणून अनेकींनी घरीच राहणे पत्करले. ज्या हयेने, ज्या लज्जेने त्या घरात थांबल्या ती ईमानाचाच भाग आहे. दोष त्यांचा नव्हता. बायकांना कुठे बसवायचे याचा विचार न करता ज्यांनी आश्रयस्थाने बांधली, हिशेब त्यांचा चुकला होता.

तो हिशेब पुढे सुधारण्यात आला. खांबांवर उंच उभ्या असलेल्या इमारती बांधल्या गेल्या. एरवी त्यांत शाळा भरते आणि वादळात त्यांत गाव राहते. स्त्रियांसाठी निराळ्या खोल्या आल्या. गुरे सोडून यावयास लोक तयार नसत, म्हणून गुरांसाठी मातीचे उंच चौथरे उभारले गेले. आज त्या कार्यक्रमात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ मध्ये 'सिद्र' हे अतितीव्र वादळ आले तेव्हा मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन काळात, 'अम्फान' आले. सुमारे २४ लाख लोकांना आधीच हलविले गेले आणि त्या देशातील मृत्यू काही डझनांवर थांबले.

लाखांवरून डझनांवर. समुद्र तोच, किनारा तोच, देश आजही श्रीमंत नाही. संकट बदलले नाही. त्याच्या वाटेतून माणसे बाजूला काढली गेली आणि त्यांचे बळ वाढविले गेले.

मात्र येथे थांबलो तर मी आपली फसवणूक करीन. प्राण वाचले म्हणजे सर्व वाचले असे नाही. २००९ च्या 'आयला' वादळात किनाऱ्यावरचे बांध फुटले. खारे पाणी शेतांत आणि पिण्याच्या तळ्यांत शिरले. अनेक कुटुंबांनी त्या बांधांवरच झोपड्या घालून वर्षे काढली. क्षार सोसणारी भाताची वाणे तेथील संशोधकांनी तयार केली आहेत, परंतु कोणत्याही वाणाच्या सोसण्याला मर्यादा असते. समुद्र चढत राहिला तर भोंगा आणि चौथरा कोठपर्यंत पुरणार? जोखीम सांभाळणे आणि जोखमीचे मूळ कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले चांगले जमले म्हणून दुसरे माफ होत नाही.

कमावले कोणी, भोगले कोणी

सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत सांगितले आहे की माणसांच्या हातांनी जे कमावले त्यापायी भूमीवर आणि समुद्रात बिघाड माजला. पुरानंतरच्या जुम्याला ही आयत अनेक मिंबरांवरून वाचली जाते. माझी नम्र तक्रार एवढीच आहे की ती पुष्कळदा बुडालेल्यांना उद्देशून वाचली जाते, जणू त्यांच्याच पापांचे पाणी त्यांच्या घरात शिरले. सतरा कोटींच्या बांगलादेशाचा जगाच्या उष्णतावायूंतील वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. कमावणारे हात एकीकडे आणि बुडणारी घरे दुसरीकडे, हेच तर या संकटाचे स्वरूप आहे. आपत्ती ही श्रद्धावंताची परीक्षा असते, तिच्यात सावध होण्याची हाक असते, हे खरे. परंतु कोणा एका घरावर ती अजाब म्हणून आली, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मौलवीला मिळालेला नाही.

फिकहच्या ग्रंथांत एक जुने उदाहरण येते. सार्वजनिक रस्त्यात कोणी अनुमतीवाचून खड्डा खणला आणि वाटसरू त्यात पडला, तर खणणारा भरपाईस बांधील असतो. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील जागतिक परिषदेत हानिग्रस्त गरीब देशांसाठी निधी उभारण्याचे ठरले, तेव्हा मला हा खड्डा आठवला. श्रीमंत राष्ट्रांनी त्याला दायित्व म्हणण्यास नकार दिला; साहाय्य म्हटले. आपल्या शास्त्रात सदका आणि जमान, म्हणजे दान आणि भरपाई, यांची गल्लत होत नाही.

आणि आपण? वुजूचे पाणी जपून वापरा, एवढे सांगून या विषयावरचे बरेचसे लेख संपतात. पाणी जपावेच, ती सुन्नत आहे. परंतु वुजूचे पाणी जपल्याने पूर अडत नाही.

ती रात्र

आपल्या समाजाच्या अनेक जुन्या वस्त्या कोकणात खाड्यांच्या तोंडाशी आणि नद्यांच्या काठी आहेत. व्यापार आणि मासेमारी पाण्यावर होती, म्हणून घरे पाण्याजवळ आली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली.

मी तेव्हा नदीकाठच्या एका लहान वस्तीत इमाम होतो. वस्तीचे नाव सांगत नाही. आदल्या रात्री इशानंतर बऱ्याच उशिरा, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका परिचिताचा फोन आला. पाणी पुलाला टेकत आहे, मी स्वतः पाहून आलो, असे तो म्हणाला. मशिदीचा लाऊडस्पीकर माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी विचार केला की मध्यरात्री घोषणा केली तर बायका-मुले घाबरतील. मागच्या पावसाळ्यात अशीच एक घोषणा फुकट गेली होती आणि चार दिवस माझी थट्टा झाली होती. फजरला सर्व येतीलच, तेव्हा सांगू.

फजरपूर्वीच पाणी वुजूखान्यात आले. वीज रात्रीच गेली होती. लाऊडस्पीकर मुका होता. मी आणि मुअज्जिन गळा फाटेपर्यंत दारोदार ओरडत फिरलो. तळमजल्यावरच्या एका घरात अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले एक चाचा होते. दोन तरुणांनी त्यांना खाटेसकट छातीभर पाण्यातून उचलून आणले. अल्लाहच्या कृपेने वस्तीतले कोणी दगावले नाही. परंतु त्या घराचा संसार चालायचा तो चाचींच्या दोन शिलाई मशिनींवर, आणि त्या गेल्या. रात्री बारा वाजता सांगितले असते, तर मशिनी माळ्यावर चढविण्यास अर्धा तास पुरला असता. चाचींना माझ्याकडे आलेल्या फोनविषयी नंतर कळले. त्या मला काही बोलल्या नाहीत; वर्षभर मुळीच बोलल्या नाहीत.

दिव्याचा हिशेब मी शिकविलेला होता. घोषणा फुकट गेली असती तर खर्च होता एका रात्रीच्या झोपेचा आणि माझ्या थट्टेचा. मी गालिब गुमानाला वहम ठरविले, कारण तसे ठरविणे मला सोयीचे होते.

त्यानंतर जमातीच्या बैठकीत आम्ही वही घातली. ती केवळ जमातीची नसावी, वस्तीची असावी, याला एका ज्येष्ठांनी प्रथम विरोध केला, तेव्हा हजरत यूसुफ (अ.) यांनी कोणाचे धान्य सांभाळले याची आठवण करून द्यावी लागली. शेजारच्या कोळी आणि कुंभार घरांची नावेही त्यात आली. वहीत चार रकाने आहेत: घर पाण्यापासून किती उंच, घरात चालू न शकणारे कोण, त्यांना उचलणारे दोघे कोण, आणि ते कोठे जाणार. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, औषधे, पिण्याचे पाणी यांची नोंद त्याखाली. आपण आपल्या मोहल्ल्यात असे करू इच्छीत असाल तर सुरुवात दुसऱ्या रकान्यापासून करा. तो भरला की बाकीचे आपोआप सुचतात.

चौथ्या रकान्यावर मात्र बैठक अडली. वस्तीत सर्वांत उंच पक्की जागा मशिदीचा वरचा मजला. परंतु आमच्याकडे स्त्रिया मशिदीत येत नाहीत. वर जाण्याची वाट पुरुषांच्या दालनातून, आणि शौचालय एकच. दोन बैठका वादात गेल्या. तिसऱ्या बैठकीत मी १९९१ च्या चितगाववरून जे वर लिहिले तेच सांगितले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना आणि वर एक शौचालय बांधण्यास मंजुरी मिळाली. पैसे जमण्यास दोन पावसाळे लागले.

हाताने फिरवण्याचा एक भोंगा मुंबईहून आणला, वीज गेली तरी वाजणारा. तो कोणाकडे ठेवायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणालो, माझ्याकडे. मागच्या बाजूला पडद्याआड स्त्रिया बसल्या होत्या. तिकडून चाचींचा आवाज आला, "मौलाना, भोंगा माझ्याकडे द्या. मला रात्री झोप लागत नाही."

भोंगा त्यांच्या घरी, दाराच्या खुंटीला आहे. दरवर्षी मृगाच्या आधीच्या जुम्याला त्या तो एकदा वाजवून पाहतात.